दिव्यातलं पाणी

मल्काबाई : आणि शब्बाथचं जेवण काय उन्हात ठेवून गरम करू? साखळीवर ओतलंस ते चुलीतलं घासलेट आहे.

गर्शोन : आई, हात नको घालू त्यात. सगळं नाही घेतलं. चुलीपुरतं ठेवलंय.

त्सिपोरा : चुलीपुरतं म्हणजे तळाशी चमकतंय तेवढं. घासलेटवाल्याची गाडी आता सोमवारी येणार. कोणी विचारलं तर सांगेन, आमच्याकडे या शब्बाथला चेन शिजली, भात गार राहिला.

गर्शोन : कोण विचारणार आहे?

त्सिपोरा : कोणी नाही. पण सांगायची तयारी असावी.

मल्काबाई : साखळी धुवायची म्हणजे काय ते तरी मला समजू दे. दर शुक्रवारी कामावरून येतोस, सायकल उलटी घालतोस, साखळी काढतोस आणि ट्रेमध्ये बुडवून ब्रशानं घासत बसतोस. तान्ह्या पोराला कोणी इतकी आंघोळ घालीत नाही.

गर्शोन : तान्हं पोर रस्त्यात दगा देत नाही. त्सिपोरा, इकडे ये. ही कडी बघ. बोटानं चोळ. काय लागलं?

त्सिपोरा : तेल.

गर्शोन : आणि हे तांबडं?

त्सिपोरा : गंज.

गर्शोन : हेच मला कळत नाही. देश सोडून इकडे यायच्या आधी सतरा वर्षं परळच्या मिलमध्ये फिटर होतो मी. जिथं तेल तिथं गंज नाही, जिथं गंज तिथं तेल नाही. ही दोघं एकाच कडीवर सुखानं नांदतायत. हे पॉसिबलच नाही. आणि हे एवढं तेल मी घातलेलंच नाही. मी काय करतो? शुक्रवारी घासलेटनं धुतो. फ्रीव्हीलचे दात एकेक करून चिंधीनं काढतो. सगळं कोरडं झालं की शिवणयंत्राचं तेल, कडीला एक थेंब, तोही वरून पुसून घेतो. शनिवारी शब्बाथ, सायकलला हात नाही. रविवारी सकाळी बाहेर येऊन बघावं, तर चेन चिंब. खाली जमिनीवर डाग.

मल्काबाई : मग चांगलंच की. तेल जास्त झालं म्हणून कोणी रडतं का? आपण तेल्याच्या घरातले. रेवदंड्यात अख्खा गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचा. शनवारी घाणा बंद, बाकी सहा दिवस चालू. तेलानं कोणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नाही.

गर्शोन : घाणा सावलीत एका जागी फिरायचा, आई. माझी सायकल मळ्यांमधल्या धुळीतून जाते. तेल धूळ धरतं. दोन्हींचं मिळून कणकेसारखं होतं, दातांत बसतं. मग चेन वर चढते आणि जोरात पायडल मारलं की सटकते. मग मी रस्त्याच्या कडेला बसून ती चढवतोय, आणि तिकडे पाण्याची पाळी निघून जातेय.

त्सिपोरा : आत्याबाईंना नीट सांगा ना एकदा. त्यांना अजून वाटतं तुम्ही पाणी भरायला जाता.

गर्शोन : पाणी भरायला नाही, आई. पाइपलाइनचे एकोणीस व्हॉल्व्ह आहेत, सहा मैलांत पसरलेले. पहाटे पाच वाजता पहिला उघडायचा, मग ठरल्या वेळी तो बंद करून दुसरा. ज्याच्या मळ्याची पाळी त्याला तेवढाच वेळ पाणी. मी अर्धा तास उशिरा पोचलो तर त्याचा अर्धा तास गेला, तो परत मिळत नाही. सायकल देताना मुकादम शमुएल म्हणाला होता, तीन महिने बघतो, मग एका माणसाला क्वीउत देतो. कायम करतो. सहाच आठवडे झालेत आणि तीन रविवारी माझं पाणी चुकलंय. एकदा तर त्या मळेवाल्यानं शमुएलच्या तोंडावर विचारलं, हा हिंदी माणूस झोपतो का म्हणून.

मल्काबाई : झोपतोस कुठं. त्या समोरच्याचं दार वाजतं आणि सगळं घर जागं होतं.

गर्शोन : आता तूच नाव काढलंस. मेईरचं दार.

मल्काबाई : काय झालं त्याच्या दाराला?

त्सिपोरा : काही नाही, आत्याबाई. यांच्या डोक्यात एक भूत शिरलंय.

गर्शोन : भूत नाही. सरळ हिशेब आहे. हे सगळं फक्त रविवारी होतं. सोमवारी नाही, गुरुवारी नाही. रविवारी साडेचारला त्याचं दार करकरतं, तो कपाशीच्या ट्रकवर जायला निघतो. मी उठतो पावणेपाचला. मधल्या पंधरा मिनिटांत माझ्या सायकलजवळून जाणारा माणूस एकच. आणि हे बघ, काय अडकलंय कडीत.

त्सिपोरा : दोरा आहे.

गर्शोन : कापूस आहे. काळा पडलेला कापूस. दर आठवड्याला सापडतो. कपाशी कोण वेचतं? मेईर. कपाशी दोन महिन्यांत संपणार. मग त्याला काम कुठलं? शमुएलकडे कायमची जागा एकच, आणि यादीत नावं दोन. माझं आणि त्याचं.

त्सिपोरा : आणि त्यानं तुमची जागा घ्यायला काय केलं, तर तुमच्या चेनला तेल पाजलं. तेल रेशनवर मिळतं, अहो. त्याला चार पोरं आहेत. तेलाची बाटली दिसली तर तो ती पोळीला लावील, तुमच्या सायकलला नाही.

गर्शोन : मग मी डोळ्यांनी पाहिलं ते काय? मागच्या रविवारी मी मुद्दाम लवकर उठलो. खिडकीतून बघतोय, तर मेईर माझ्या चेनवर वाकलेला. हातात चिंधी.

मल्काबाई : चिंधी होती खरी.

गर्शोन : तुला काय माहीत?

मल्काबाई : त्याच्या गळ्याभोवतीची. घाम पुसायची. चांगला धुतलेला फडका होता, मला वाईट वाटलं, तेलकट झाला म्हणून.

त्सिपोरा : आत्याबाई, तुम्ही तेव्हा कुठं होतात?

मल्काबाई : मी तिथंच होते, पायरीवर. खिडकीतून पायरी दिसत नाही.

गर्शोन : तू काय करत होतीस तिथं?

मल्काबाई : ते सांगायचं नसतं.

गर्शोन : आई.

मल्काबाई : सांगायचं नसतं रे. तुझ्या बाबांनी मला तसंच शिकवलं. न बोलता करायचं आणि बोलून दाखवायचं नाही. तू आठ वर्षांचा असताना मामाकडे मुंबईला गेलास, मग तुला घरातलं काही शिकवायचं राहूनच गेलं.

त्सिपोरा : आत्याबाई, सांगा. आता सांगावंच लागेल.

मल्काबाई : शब्बाथचा दिवा असतो ना, काचेच्या पेल्यातला. शनिवारी तो शांत झाला की उरलेलं तेल फेकायचं नाही. पेला फळीवर झाकून ठेवायचा. रविवारी पहाटे, कोणाचा पाय जमिनीला लागायच्या आत, तो घाण्याच्या बुडाशी ओतायचा. लाकडाची लाट जिथं फिरते तिथं. एलियाहू हनाबीचं, आपल्या प्रेषिताचं, नाव मनात घ्यायचं, तोंडानं अक्षर काढायचं नाही. मग आठवडाभर घाण्याला विघ्न नाही. तुझ्या आजोबांपासून चालत आलंय. इथं परमुलखात घाणा कुठला आणू? बोटीनं आल्यापासून गेली सहा वर्षं ते तेल मी कपाळाला लावून दाराच्या उंबऱ्यावर सोडायची. मग तू सायकल आणलीस. ती पण फिरते. मला वाटलं, आता याच्या पोटाचं साधन हेच, तर तेल इथंच द्यावं.

गर्शोन : किती ओततेस?

मल्काबाई : पेल्यात उरेल तेवढं सगळं. ठेवून घ्यायचं नसतं.

त्सिपोरा : आणि दिव्याच्या पेल्यात खाली काय असतं, अहो? तुमच्या आईच्या घरचा दिवा. माझ्या आईच्या घरचाही तोच. अर्धा पेला पाणी, त्यावर तेल, त्यावर वात.

गर्शोन : पाणी.

त्सिपोरा : तेलही आणि गंजही. सतरा वर्षांचे फिटर.

गर्शोन : म्हणजे तो कापूस...

त्सिपोरा : वात. काळी पडलेली. मेईरच्या शेतातली नाही, आत्याबाईंनी मांडीवर वळलेली.

मल्काबाई : तुम्ही दोघं असे काय बघताय? काय चुकलं माझं? मी काय पाप केलं का?

गर्शोन : थांब आई, थांब जरा. माझं डोकं चालत नाही. मग मेईर तिथं काय करत होता?

मल्काबाई : त्याचं दार वाजतं तेव्हा मी उठते. इथं कोंबडा नाही, तेच माझं घड्याळ. मागच्या रविवारी मी ओतलं आणि तो समोरून आला. बघितलं आणि डोक्याला हात लावला. मग गळ्यातला फडका काढला आणि साखळी पुसायला बसला. काहीतरी सांगत होता मला, खालची धूळ दाखवीत. त्याची भाषा मला कुठं येते? आणि मला तर बोलायचं नव्हतं. पुसपुस पुसली. मला वाटलं, देवाचं दिलेलं पुसून टाकतोय हा. म्हणून तो ट्रककडे गेल्यावर आत आले, बाटलीतलं थोडं घेतलं आणि परत ओतलं.

त्सिपोरा : काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो बिचारा तुमची चेन वाचवत होता हो.

गर्शोन : वाजले किती?

त्सिपोरा : अहो. वेळ काय विचारता? झालं ते झालं. आता पुढच्या रविवारी नाही ओतणार त्या.

गर्शोन : मी शमुएलला सांगितलं.

त्सिपोरा : काय सांगितलं?

गर्शोन : सोमवारी. त्यानं विचारलं, तीनदा पाणी का चुकलं. मी म्हटलं, माझ्या सायकलमध्ये कोणीतरी मुद्दाम बिघाड करतं. तो म्हणाला, कोण? मी म्हटलं, मेईर. डोळ्यांनी पाहिलं म्हटलं. शमुएलनं वही काढली. म्हणाला, असल्या माणसाला मी पाण्यावर घेणार नाही आणि कपाशीवरही ठेवणार नाही. शुक्रवारी वरच्या ऑफिसासाठी यादी बरोबर नेतो, तेव्हा त्याचं नाव खोडतो.

मल्काबाई : शुक्रवारी म्हणजे?

गर्शोन : आज.

मल्काबाई : दारफाळणीच्या सणाला उपास करून उभा राहिलास, छाती पिटून सगळ्या पापांची माफी मागितलीस, त्याला अजून पंधरा दिवस नाही झाले. आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला? चार पोरांच्या बापावर आळ घेतलास?

गर्शोन : मला कुठं माहीत होतं, आई.

मल्काबाई : माहीत नव्हतं तर बोलायचं नाही. मी सहा आठवडे नाही गप्प बसले?

त्सिपोरा : तुम्ही बोलला असतात तर बरं झालं असतं, आत्याबाई. आणि हे गप्प बसले असते तर. या घरात सगळं उलटं. शमुएल आहे कुठं आत्ता?

गर्शोन : दोनच्या ओतोबसनं रेहोवोतला घरी जातो. शब्बाथच्या आधीची शेवटची बस. यादी बॅगेत असणार. रविवारी पहाटे तिकडूनच ऑफिसात देऊन येतो.

त्सिपोरा : सव्वा वाजलाय.

गर्शोन : नाक्यापर्यंत चालत तास लागतो.

त्सिपोरा : मग चालत कशाला जाता? सायकल आहे.

गर्शोन : चेन घासलेटमध्ये आहे.

त्सिपोरा : तर मग बघता काय? काढा. मी कोरडा फडका आणते.

मल्काबाई : तो हात पुसायचा फडका आहे गं.

त्सिपोरा : असू दे आत्याबाई. तुम्ही ट्रे धरा. हलू देऊ नका.

गर्शोन : ताणून धर. तशी नाही, दोन टोकांना. आता या बाजूनं पूस. आतल्या फटीत घासलेट राहू देऊ नको, नाहीतर नवीन तेल धरणार नाही. आई, ती बारकी क्लिप कुठं आहे? इथं झाकणात ठेवली होती.

मल्काबाई : ही का? माशाच्या खवल्याएवढी?

गर्शोन : हीच. सांभाळ, ती पडली तर सगळं संपलं. मागून घालतो... दात मोकळे आहेत. पुढून घे. त्सिपोरा, दोन्ही टोकं जवळ आण. जोडकडी. आता क्लिप दे, आई. बंद तोंड चालीच्या दिशेला, उघडं तोंड मागे. बसली.

त्सिपोरा : ही शिवणयंत्राच्या तेलाची बाटली.

गर्शोन : पायडल फिरव उलटं. हळू. एक थेंब... एक थेंब... बघतेयस ना आई? आत रोलर असतो, तिथं एवढंच लागतं. वरचं सगळं पुसायचं.

मल्काबाई : एवढंसंच? आणि त्यात चालते?

गर्शोन : त्यातच चालते.

त्सिपोरा : काय सांगणार आहात त्याला?

गर्शोन : जे आहे ते.

त्सिपोरा : आत्याबाईंचं सांगणार? दिव्याचं, पाण्याचं? पोलंडचा माणूस तो. त्याला काय कळणार?

गर्शोन : माझ्या घरातूनच झालं एवढं कळलं तरी बस्स.

त्सिपोरा : मग तो म्हणेल, म्हणजे तीनदा पाणी चुकलं त्याला तूच जबाबदार. आणि वर खोटा आळही तूच घेतलास. आणि कायम कोणाला करील, ते मी सांगायला नको.

गर्शोन : नको.

त्सिपोरा : मला ती जागा हवी होती हो. सरळ सांगते. या पत्र्याच्या घरातून निघायला हवी होती. जा आता, पंचवीस मिनिटं राहिली.

मल्काबाई : माझं नाव सांग त्याला. सांग, म्हातारीनं केलं. म्हाताऱ्या बाईला कोण कामावरून काढणार आहे?

(दोन तासांनी. सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज. खिडकीत काचेचा पेला : खाली पाणी, वर तेल. वात अजून पेटवलेली नाही.)

त्सिपोरा : सापडला?

गर्शोन : एक पाय ओतोबसच्या पायरीवर होता.

मल्काबाई : साखळी सटकली नाही ना?

गर्शोन : नाही आई. लोण्यासारखी चालली. अख्ख्या वाटेत एकदाही आवाज नाही. इतकी चांगली कधीच चालली नव्हती.

त्सिपोरा : पुढे सांगा.

गर्शोन : त्याला आधी कळेना मी काय सांगतोय. दिवा, पेला, आई, घाणा. माझी मोडकी इवरित भाषा तुला माहीत आहे. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आतली माणसं ओरडतायत. मग मी खाली बसलो, धुळीत बोटानं पेला काढला. खाली पाणी, वर तेल. आणि तो सायकलवर ओतून दाखवला. मग त्याला कळलं.

त्सिपोरा : हसला?

गर्शोन : नाही. म्हणाला, त्याची आजीसुद्धा दिव्याचं उरलेलं तेल फेकत नव्हती. ती काय करायची ते त्याला आठवेना. पायरीवर उभा राहून आठवत होता. मग बॅग उघडली, गुडघ्यावर यादी ठेवली. मेईरच्या नावावर रेघ होती. त्यानं ती रबरानं पुसली. नीट पुसली, फुंकर घालून.

त्सिपोरा : आणि तुमचं नाव?

गर्शोन : आहे. रोजावर. पेसाखच्या सणापर्यंत तरी. कायम मेईर. म्हणाला, पाणी तीनदा चुकलं ते खरंच आहे ना? मी म्हटलं, खरं आहे. सायकल त्याला द्यावी लागेल महिन्याभरात.

त्सिपोरा : बरं. हात धुवा. भात अजून कोमट आहे.

मल्काबाई : माझ्यामुळे गेली रे तुझी जागा. तुझं भलं व्हावं म्हणून ओतत होते, आणि मीच घालवली.

गर्शोन : तेलानं नाही गेली, आई. ती माझ्या तोंडानं गेली. तू रडू नको. दिवा लावायची वेळ झाली.

मल्काबाई : त्या मेईरला हे ठाऊक आहे? त्याचं नाव खोडलं होतं ते?

गर्शोन : नाही. तो शब्बाथला बहिणीकडे गेलाय, अश्केलोनला. उद्या रात्री परत येईल.

मल्काबाई : मग नाव परत आलंय, त्याला कळायचंच नाही. तू गप्प बसलास तरी चालेल.

गर्शोन : नाही चालणार. रविवारी सांगतो. पहाटे तो ट्रककडे जायच्या आधी. रेघ कोणी मारायला लावली तेही सांगतो.

मल्काबाई : आणि दिव्यातलं तेल? ते आता कुठं देऊ मी? उंबऱ्यावर?

गर्शोन : मेईरच्या दाराची बिजागरी करकरते. तिला घाल.

त्सिपोरा : त्यातही पाणी जाईल. गंजेल.

मल्काबाई : आता मला कळलं गं ते. वरवरचं तेल चमच्यानं घेईन, पाणी खाली राहू देईन. पण सोमवारी घालीन. रविवारी नाही.

गर्शोन : का? रविवारीच द्यायचं असतं ना?

मल्काबाई : रविवारी दार वाजू दे. नाहीतर तू उठणार कसा?